पहिल्या दिवसाची आमटी

परळच्या आमच्या चाळीत खानावळ चालवणाऱ्या त्या बाईंचं नाव मला कधीच कळलं नाही. आम्ही गिरणीतली माणसं त्यांना मावशी म्हणायचो. त्या ताटाकडे नाही, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाढायच्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात समोरच्या चाळीतला एक जण तुरुंगात गेला आणि त्याच्या बायकोने घरातच खानावळ काढली. आता मावशींची गिऱ्हाइकं फुटणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण ती खानावळ सुरू झाली त्या दिवशी मावशींनी चूल पेटवलीच नाही. आम्हा सगळ्यांना घेऊन त्या समोर गेल्या आणि पहिल्या पाटावर बसल्या.

आमटी खारट झाली होती. एक जण उठू लागला. मावशींनी त्याला नजरेनेच बसवलं आणि आपली वाटी पुढे केली. "बाय, अजून वाढ." मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पयल्या दिसाक माझो भात कच्चो रवललो. तेव्हा कोण उठाक नाय, म्हणान आज मी आसंय."

निघताना त्यांनी आमच्यातले निम्मे जण तिला देऊन टाकले. त्यात मीही होतो. नव्या खानावळीत जेवताना खिडकीतून मावशींची अर्धी रिकामी पंगत दिसायची, आणि माझा घास हातातच राहायचा.