खड्ड्याच्या लग्नाचा अंक

वर्ध्यात कॉमिक्सचं मासिक काढलं की अंक कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आमच्या ‘बिब्बा’चं तसंच झालं. पण अंक मात्र आम्ही एकही चुकवला नाही!

*

खूळ संघपालचं. हा कॉलेजात चित्रकला शिकवतो. त्यानं मोबाईलवर इटलीतल्या एका जुन्या बंडखोर मासिकाची पानं दाखवली. त्या पोरांनी मंत्री सोडले नव्हते, धर्मगुरू सोडले नव्हते. हुबेहूब वर्तमानपत्रासारखे खोटे अंक काढून लोकांना गंडवलंही होतं.

मी म्हटलं, “अबे, ते इटली हाय!”

“मंग? खड्डे तं आपल्याकडे जास्त हायेत!”

*

छापखाना बंडूभाऊंचा. जन्मभर लग्नपत्रिका छापलेला माणूस. पहिला अंक आणायला गेलो, तर आमच्या बंडखोर मासिकाच्या प्रत्येक कोपऱ्याला हळद-कुंकू!

“पह्यला अंक हाय,” भाऊ म्हणाले. “तसाच कोरडा धाडू काय?”

*

दुसऱ्या अंकात पुढाऱ्यांच्या पक्षांतराचं व्यंगचित्र होतं. खाली थोडी जागा उरली. भाऊंनी कुणाला न विचारता तिथं छापलं, “आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!”

वाचकांना तेच सगळ्यात आवडलं.

*

तिसऱ्या अंकात सेलू रस्त्यावरचा खड्डा, आणि शेजारी उद्घाटनाची कात्री घेतलेले इथले पुढारी, म्हणजे आमचे साहेब. दुसऱ्याच दिवशी त्यांचा माणूस छापखान्यात!

“पुढचा अंक निघाला तं मशीनले कुलूप लागन!”

भाऊंचं घर त्या मशीनवर चालतं. आम्ही म्हटलं, राहू द्या भाऊ.

“काऊन राहू द्या? त्यायनं मासिकाले मनाई केली. लग्नपत्रिकेले नाई!”

त्या क्षणी मला भाऊंचा फार अभिमान वाटला.

*

मग इटलीचीच युक्ती. चौथा अंक हुबेहूब लग्नपत्रिका! चि. खड्डा आणि चि.सौ.कां. गिट्टी यांचा शुभविवाह. आत सगळी चित्रं, तारीख आणि स्थळ पाकिटावर. एक पाकीट साहेबांच्या बंगल्यावर गेलं. साहेब लग्न एकही चुकवत नाहीत आणि पत्रिका एकही उघडत नाहीत. पीए पाकिटावरूनच टिपून घेतो.

मुहूर्ताला सेलू रस्त्यावर आमचे वाचक जमले. साहेबांची गाडी थांबली. साहेब जाकीट सावरत उतरले.

“नवरदेव कुठी हाय?”

भाऊंनी बोट खाली दाखवलं. साहेबांनी खड्ड्यात पाहिलं, मग गर्दीकडे. सगळ्यांचे मोबाईल वर झाले होते.

भाऊंनी त्यांच्या हातात अक्षता ठेवल्या. “टाका साहेब, मुहूर्त टळून राह्यला!”

साहेबांनी टाकल्या!