लाल लुगडं आणि शांतताप्रिय समाज

‘तुमचा समाज फार शांतताप्रिय’ असं कुणी म्हणालं की हल्ली माझं डोकंच फिरतं. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांना हे वाक्य जन्मभर ऐकावं लागतं, आणि तेही नेमकं आम्हाला काहीतरी नाकारायचं असतं तेव्हाच.

सांडोरला माझ्या मावशीची केळीची वाडी आहे. आजूबाजूला टॉवर उठले तसे गावच्या विहिरींवर पंप बसले आणि दिवसभर टँकर पाणी उपसून नेऊ लागले. केळी करपायला लागल्यावर मावशीने गावातल्या बायका गोळा केल्या, ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही, आणि त्या टँकरपुढे रस्त्यात बसल्या. पोलिसांनी सगळ्यांना गाडीत कोंबून संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. त्या दिवशी मात्र आम्हाला शांतताप्रिय कुणी म्हटलं नाही.

घरी आल्यावर मावशी म्हणाली, “रस्त्यात बसून भागनार नाय. पान्याचं जिथे ठरतं, तिथे बसाया पायजे.”

म्हणून महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा गावाने सत्तेतल्या पक्षाकडे मागणी केली. प्रभागात चार जागा, त्यातली एक आम्हाला द्या. दोन जागा बायकांसाठी राखीव होत्याच आणि आमच्याकडून नाव मावशीचं होतं. पक्षाचे साहेब तीनदा तिच्या ओट्यावर येऊन बसले. तिने उन्हात केळी वाळवून केलेली सुकेळी चघळत दरवेळी तेच म्हणाले, “मावशी, तुमचं नाव वर कळवलंय.” जाताना डबा भरून सुकेळीही घेऊन गेले.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. रविवारी सभा आहे, उमेदवार जाहीर होणार, मावशींनी लाल लुगडं नेसून यावं, बरोबर बायकाही आणाव्यात. मी शाळेत मराठी शिकवते. मी तिला दोन पानी भाषण लिहून दिलं. त्यातलं दीड पान तिने काढून टाकलं, फक्त विहिरींचं ठेवलं. आमच्या बायका लग्नासणाला नेसतात ते लाल लुगडं पेटीतून काढलं आणि भाषणाचा कागद कमरेला खोचून ती निघाली.

व्यासपीठावर तिच्या हातात पुष्पगुच्छ दिला गेला आणि माइकवरून भलतंच नाव पुकारलं गेलं. दोन वर्षांपूर्वी टॉवरमध्ये राहायला आलेली, एका बिल्डरची भावजय. त्या बाईचा काही दोष नव्हता, बिचारीला आमच्या विहिरी कुठे आहेत हेही ठाऊक नसावं. गुच्छ मावशीने तिला द्यायचा होता. साहेब सांगत होते, “हे लाल लुगडं म्हणजे आपल्या शहराची शान.” फोटो निघाले. समोर पाहुणी उभी होती म्हणून मावशीने गुच्छ दिला. मी खालच्या खुर्चीत दात आवळत बसले. उठून ओरडायला हवं होतं, ओरडले नाही. तो राग अजून माझ्यावरच आहे.

नंतर तो निघाला गावातल्या एका वडीलधाऱ्यांवर. ते म्हणाले, “आपण मूठभर माणसं. जमवून घ्यावं लागतं.”

मी म्हटलं, “जमवून घेत घेतच मूठभर झालो.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चर्चच्या सणाचा विषय काढला.

मावशी दोन दिवस वाडीत केळीची वाळकी पानं कापत राहिली. तिसऱ्या दिवशी साहेबांचा पुन्हा फोन आला. तो मी घेतला आणि मुद्दाम स्पीकरवर टाकला. प्रचारफेरीला त्यांना वीस बायका हव्या होत्या, लाल लुगड्यांत.

मावशीने कोयता बाजूला ठेवला.

“लुगडं एकच हाय माज्याकडे,” ती म्हणाली. “ते नेसून मी उद्या अर्ज भराया जाते. अपक्ष. बायका पन माज्याच बरोबर येनार.”

पलीकडून साहेबांचा मधाळ आवाज आला, “मावशी, असं कसं? तुमचा समाज तर शांतताप्रिय.”

“हाय ना,” मावशी म्हणाली. “रांगेत उभी राहून भरनार.”