गंधकासुराची आई

एका पिक्चरला खोटं पाडायला गेले आणि त्यात मीच कशी मेले, ते सांगते. तुम्ही हसलात तरी चालेल, मी अजून हसलेली नाही.

मी बुटीबोरीला नोकरी करते. कंपनीची बस नागपुरात परत येईपर्यंत पाळणाघरात एकटी माझी ओवी उरलेली असते. वय सहा, बूट घालून, दप्तर पाठीवर. रविवारी तिला वीजवीरचा नवा पिक्चर दाखवला. माझ्या लहानपणीच्या कॉमिकमधला वीजवीर. म्हटलं, ओळखीतला आहे, काय बिघडणार?

कॉमिकमधला व्हिलन गंधकासुर हावरटपणापायी तेजाबाच्या टाकीत पडतो आणि दुष्ट होतो. विषय संपला. पिक्चरवाल्यांनी त्याला बालपण दिलं. शाळेच्या फाटकाशी बसलेलं पोर, दिवस बुडतो, आई घ्यायला येतच नाही. झाला गंधकासुर.

मी रुमाल शोधू लागले. प्रशांत, म्हणजे आमचे हे, कुजबुजले, "काहून रडून राहिली वं? व्हिलन आहे तो."

"त्याची आई बुटीबोरीला असेल."

घरी आल्यापासून ओवी गप्प. मी धरूनच चालले की हिने त्या न येणाऱ्या आईत मला ओळखलं. भावाकडून ते जुनं कॉमिक मागवलं आणि तिला मांडीवर घेतलं. "हे बघ, खरी गोष्ट. आईचा संबंधच नाही. स्वतःच्या पायाने पडला टाकीत." भलत्याच उत्साहात पान उलटलं, तर वीजवीरची आई मेलेली. अंगावर वीज पडून, रंगीत, पानभर. म्हणून तर तो वीजवीर. मी साफ विसरले होते.

"पिक्चरमध्ये तर ती त्याले डबा देते," ओवी म्हणाली.

"ते त्यांनी बदललं गं."

"म्हणजे खरी मेली?"

सकाळी पाळणाघराच्या दारात ती माझी ओढणी सोडेना. तिथल्या काकू म्हणाल्या, "काय सांगितलं वं तू पोरीले?" कोपऱ्यावर बस हॉर्न देऊन राहिलेली.

मी घाईत शब्द फिरवला. "पुस्तक खोटं. पिक्चरच खरा. वीजवीरची आई जिवंत आहे."

ओवीने विचार केला. "मग गंधकासुराची आई येतच नाही, ते पण खरं?"

कोपऱ्यावरून पुन्हा हॉर्न वाजला.

तिनेच ओढणी सोडली. "चालते," म्हणाली. "तू फक्त मरू नको. उशिरा ये. मी होऊन जाते गंधकासुर."

अशा वेळी चांगली आई काय करते, मला माहीत नाही. मी बस पकडली.