सुमीची मान आणि माझी

आमच्या सुमीचं डोकं मागून उजव्या बाजूला चपटं होत चाललं होतं, आणि त्यावर पहिला उपाय मी केला.

आम्ही तेव्हा मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. सुमी तान्ही, आमची पहिली मुलगी. तिला निजवलं की मान उजवीकडे. डावीकडे वळवली की कळवळून रडायची. "पोरीची मान अशीच राहिली तर?" असं माझी आई एकदा म्हणाली, आणि त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं. "सारखी एकाच बाजूला बघते, म्हणून मानेचे स्नायू आखडलेत. कवटी मऊ असते, टेकते तिथे चपटी होते. तिला दुसरीकडे वळायला लावा."

मी लगेच लावायला घेतलं. रविवारी सुमीच्या डावीकडे, गादी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पालथा पडलो आणि खुळखुळा वाजवू लागलो. सुमी बघेना. मग मांजर झालो, कोंबडा झालो. (कोंबडा इतका चांगला झाला की शेजारच्या काकू कुणाचा घुसला ते बघून गेल्या.) सुमी ढिम्म. मला मात्र तिथेच डोळा लागला. उठलो तेव्हा मान भिंतीकडे वळलेली, ती परत येईना.

"काय रे झिला," आई चेष्टेनं मालवणीत म्हणाली, "मान खंय ठेवून इलंस?"

माझी बायको कमल इतका वेळ भाजी निवडत होती. ती उठली, सुमीजवळ वाकली आणि तिच्या नजरेच्या रोखानं बघू लागली.

"अहो, ही खिडकीतला उजेड बघतेय. भिंतीकडे कशाला बघेल?"

तिनं सुमीला उचललं आणि डोकं होतं तिथे पाय करून उताणं निजवलं. खिडकी आता सुमीच्या डावीकडे आली. सुमी कुरकुरली, थांबली आणि हळूहळू डावीकडे वळली म्हणे. मी पाहिलं नाही. माझं तोंड भिंतीकडे होतं.

पुढे कमलनं जे केलं ते माझ्यानं झालं नसतं. नळाचं पाणी, माझा डबा, आईचं पथ्य सांभाळून ती सुमीची निजायची दिशा रोज बदलायची. पोर जागी असली की तिला मांडीवर पालथी घालून समोरून गप्पा मारायची. मानेत जोर आला, डोकं गोल होत गेलं. एका सकाळी सुमीनं मान उचलून घरभर नजर फिरवली, तेव्हा आईनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

डॉक्टर खूश झाले. "हे कुणी केलं?"

मी घसा खाकरला. "सुनेनं," आई म्हणाली.

माझी मान अजून धड नव्हती. ऑफिसात साहेबांचा समज झाला होता की मी त्यांच्याकडे बघायचंच सोडलंय. दवाखान्यातून घरी येताना मी कमलला म्हटलं, "मलाही असंच उलटसुलट निजव ना."

"काही उपयोग नाही," ती शांतपणे म्हणाली. "डोकं कोवळं आहे तोवरच सुधारतं."