खिंडीतल्या देवाची प्रदक्षिणा

परत मीच सांगू? चहा पाजताय म्हणून तोंड उघडतो. नाहीतर हा किस्सा आमच्या अर्ध्या नानाखेडा मोहल्ल्याला पाठ आहे, आणि सगळे चुकीचा सांगतात.

आमची नात मुक्ता. उज्जैनची पोरगी, बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. ती मनालीच्या वर एका खिंडीत, पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला शिकली. शेवटच्या दिवशी शर्यत होती. म्हणाली, "आजोबा, मला पहिलं यायचंय. तुम्ही पाहिजेच."

गेलो. मी आणि आमची ही, कुसुम.

ही खाली चहाच्या टपरीवर बसली. मी म्हटलं, घाट आहे म्हणजे देव असणारच, पोरीसाठी यश मागून येतो. निघालो उतार चढत. कुणी हात दिला नाही, सांगून ठेवतो.

मध्येच लाल झेंडा. जन्म गेला भैरवगढला कापड छापण्यात, हात आधी कापडावर गेला. रंग भिकार, एका धुण्यात जाईल. पण देवाचा झेंडा. बूट काढले, हात जोडले.

तेवढ्यात वरून एक पोरगा सर्रकन आला, झेंड्याला वळसा घालून गेला. मागून दुसरा. मला भरून आलं. काय हो भक्ती, घसरतानासुद्धा प्रदक्षिणा चुकवत नाहीत.

पण वळत होते उलटे. देव उजव्या हाताला नको? मी आडवा उभा राहिलो. "अरे, उल्टी परिक्रमा मत करो. इधर से."

तिसरा गोंधळून आडवा पडला. मग वाऱ्यासारखी मुक्ता आली.

"मुक्ते, देव उजव्या हाताला ठेव!"

माझा शब्द तिने कधी मोडलाय? पूर्ण फेरी घातली आणि धप्पकन बसली. "आजोबा, देव कुठला? हा शर्यतीचा झेंडा आहे." डोळ्यांत पाणी.

तेव्हा कुठे माझे पाय गारठले.

शिकवणारा मास्तर शिट्टी फुंकत आला. शर्यत रद्द, सगळ्यांनी पहिल्यापासून. आणि दुसऱ्या वेळी मुक्ता पहिली. आधीचे दोघे तिच्याहून जोरात गेले होते, मी स्वतः पाहिलं. मग ढाल कुणामुळे आली? तुम्हीच सांगा.

माझी माफी मात्र एकीने अजून मागायची आहे. मास्तरने मला धरून टपरीवर आणलं, विचारलं, "अम्मा, ये बाबूजी आपके हैं?"

तिने माझे उघडे पाय बघितले, चहाचा घोट घेतला. "नहीं भैया, हमारे वाले तो बूट पहनकर गए थे."

कोण म्हणजे? कुसुम.