पाचवी गिटार

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर हसायला वाचते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात आल्याशिवाय माझा कशावरही विश्वास बसत नाही. मांजर आडवं गेलं म्हणून आमची आई थांबली, की मी मुद्दाम दोन पावलं पुढे जाते आणि वर तिची बोलणी खाते. अशी बाई आज इथे लिहायला बसलीये... हसा खुशाल. पण जे घडलं ते मी एकटीने ऐकलेलं नाही. अर्ध्या हॉलने ऐकलंय, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ मंदार मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. नवीन पनवेलला आई आणि आम्ही दोघं भावंडं एकत्रच राहतो – म्हणजे तो जेव्हा जमिनीवर असतो तेव्हा. त्याला गिटारचं वेड. वाजवण्याआधी त्याची एक ठरलेली खोड आहे : अंगठा सगळ्या तारांवरून सावकाश खाली ओढायचा आणि मग लाकडावर दोनदा ठकठक करायचं. बोटात आईने दिलेली चांदीची अंगठी, त्यामुळे ठकठक चांगली टणटणीत. स्वयंपाकघरातून आई दर वेळी ओरडणार, “बघा रे, दारावर कोण आलंय.” आणि मंदार दर वेळी म्हणणार, “कोणी नाही गं, मीच आहे.” हे वर्षानुवर्षं चाललंय. मला तर वैताग यायचा.

त्याच्याकडची गिटार होती मोठ्या अंगाची. जहाजावरच्या केबिनमध्ये ती कुठेकुठे आपटायची. म्हणून त्याने ठरवलं होतं की या सुट्टीत नवी घ्यायची. जवळच्या ओवे गावात म्हात्रे म्हणून एक जण हाताने गिटारी बनवतात. पनवेलला वडाळे तळ्याजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये रविवारी सकाळी त्यांचा कार्यक्रम होता. वेगवेगळ्या आकाराच्या गिटारी ऐकायच्या, हाताळायच्या, आवडली तर ऑर्डर द्यायची. मंदारने जहाजावरूनच स्वतःचं आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र रिझवान याचं नाव देऊन ठेवलं होतं. त्या रविवारच्या आत तो घरी पोचणार होता.

गुरुवारी संध्याकाळी त्याच्या कंपनीतून मला फोन आला. इंजिन रूममध्ये आग लागलीये, लोक लाइफबोटींत उतरलेत, काही जणांचा अजून पत्ता नाही. मंदारचं नाव त्या ‘काही जणां’त होतं.

आईला हार्टचा त्रास आहे. मी तिला काहीच सांगितलं नाही. “जहाजाला उशीर झालाय, नेट नाहीये,” एवढंच. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त घेत होते आणि दर दोन पेशंटांमागे कंपनीला फोन लावत होते. कंपनीचा फोन लागला की एकच उत्तर – शोध चालू आहे मॅडम.

रविवारी सकाळी आई म्हणाली, “तो नाही पोचला तर तू जा ना त्या गिटारवाल्याकडे. फोटो काढून पाठव त्याला. नेट आलं की बघेल.”

नाही म्हटलं असतं तर तिला संशय आला असता. गेले.

रिझवान हॉलच्या खाली उभा होता. बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला सगळं माहीत होतं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. “ताई, मला वर जायची हिंमत होत नाहीये,” तो म्हणाला. मी म्हटलं, “मला तरी कुठे होतेय. पण आईला फोटो दाखवावे लागतील. चल.”

म्हात्रे एकदम मोकळा माणूस. पोट सुटलेलं, शर्टच्या बाह्या वर केलेल्या, आणि बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. स्टँडवर चार गिटारी मांडलेल्या. एक अगदी लहान, कमरेत बारीक. दुसरी तिच्याहून जराशी थोराड. तिसरी रुंद खांद्यांची, आपण दुकानांत बघतो तसली. आणि चौथी भलीमोठी, गोल बुडाची, जंबो. मी मुकाट्याने फोटो काढले.

“लाकूड तेच, तारा त्याच, वाजवनारा पन मीच,” म्हात्रे म्हणाले. “फरक हाय तो फक्त आंगाचा. पन तुमी लोकं डोल्यांनी ऐकता. मोठी दिसली की म्हनता मोठा आवाज. म्हनून आमची रीत अशी, की खुर्च्या फिरवा नि भिंतीकडे तोंड करून बसा. मी एकेक वाजवनार. मागे बगायचं नाय. शेवटी हात वर करून सांगायचं कंची आवडली.”

सगळ्यांनी खुर्च्या फिरवल्या. माझ्या एका बाजूला रिझवान, दुसऱ्या बाजूला नाईक म्हणून एक काका. तळोज्याच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. समोर पिवळ्या रंगाची भिंत. मी तिच्याकडे बघत बसले आणि मनात एकच – मंदार जिवंत आहे की नाही, आणि मी इथे गिटारी ऐकत बसलेय.

पहिली वाजली. एक साधी, छोटीशी धून. दुसरी वाजली, तीच धून, जरा भरदार. तिसरी. चौथीला तर खुर्चीच्या पायांपर्यंत आवाज उतरला. मला त्यातलं काही कळत नाही, पण फरक मात्र कळत होता. मग मागे गिटार स्टँडवर ठेवल्याचा आवाज.

आणि मग तारांवरून सावकाश ओढलेला अंगठा. लाकडावर ठक. ठक.

धून तीच, म्हात्रेंचीच, पण वाजवण्याची ढब... जी रोज भिंतीपलीकडून ऐकून मी “बंद कर रे” म्हणून ओरडायची, ती. रिझवानने माझं मनगट पकडलं होतं. इतकं घट्ट, की नंतर वळ उठला. आम्ही दोघांनीही मागे बघितलं नाही. का नाही बघितलं, ते आजही सांगता येत नाही. बघितलं तर थांबेल, असं वाटलं असावं.

धून संपली. म्हात्रे म्हणाले, “चला, फिरवा खुर्च्या. एक नंबर कोनाला आवडली?” हात वर झाले. दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर. “झालं. म्हंजे जास्त लोकं दोन नंबरची.”

नाईक काका म्हणाले, “अहो, पाचवी राहिली.”

“पाचवी कंची?” म्हात्रे हसले. “आमी चारच आनल्यात.”

“ती शेवटची हो. आधी दोनदा ठोकलंत ती.”

मागून एक मुलगी म्हणाली, “मलाही तीच आवडली.” मग तिच्या शेजारच्याने हात वर केला. मग आणखी कोणी. बघता बघता अर्ध्याहून जास्त हॉलचे हात वर. बाकीचे त्यांच्याकडे वेड्यासारखे बघत होते, कारण त्यांनी काहीच ऐकलेलं नव्हतं. म्हात्रेंच्या हातात पाण्याची बाटली होती. “मी चौथी स्टँडवर ठेवली नि पानी प्यालो,” ते म्हणाले. “मी काय वाजवलंच नाय.” त्यांचं हसू पार गेलं होतं.

मी उठले आणि जिन्यात आले. रिझवान पाठोपाठ. तो कठड्याला धरून रडायला लागला. “ताई, तो गेला. निरोप द्यायला आला होता.” खरं सांगते, मलाही तेच वाटलं. जी बाई मांजराला भीत नाही, तिला त्या जिन्यात भाऊ गेल्याची खात्री पटली होती. आईला आता कसं सांगायचं, शब्द कुठले वापरायचे, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. परदेशातला नंबर. मी उचलला.

“ताई? अगं ताई, मीच आहे.”

मी जिन्यातच बसकण मारली. रिझवानच्या हातात फोन दिला आणि पोटभर रडले. येणारे जाणारे बघत होते, बघू देत. एका मच्छीमार बोटीने मंदारला आणि आणखी दोघांना पाण्यातून उचललं होतं. ओमानच्या किनाऱ्यावरच्या एका इस्पितळात होता तो. नर्सने फोन त्याच्या कानाला लावून धरला होता, कारण दोन्ही हात भाजलेले, बँडेज कोपरापर्यंत. गिटार जहाजाबरोबर गेली.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने आधी मला ‘खोटारडी’ म्हणून झापलं, मग देवापुढे दिवा लावला आणि मग विचारलं, “फोटो काढलेस ना पण?” त्या दिवशी मी दोन माणसांचं जेवण जेवले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मीही विचारून झालंय. हॉलमध्ये स्पीकर नव्हता. खालचं दुकान रविवारचं बंद. गच्चीला कुलूप. कुणाच्या मोबाइलवर वाजलं म्हणावं, तर मंदारचं रेकॉर्डिंग मी आणि रिझवान सोडून कुणाकडे असणार? मी मंदारला विचारलं, त्या वेळी तू काय करत होतास. म्हणाला, “औषधाच्या गुंगीत होतो गं. जागा झालो तेव्हा पहिल्यांदा तुझाच नंबर आठवला.”

काही महिन्यांनी त्याचे हात बरे झाले. मग मी माझ्या स्वभावाला जागले. म्हात्रेंना गाठलं आणि त्या दिवशीच्या काही लोकांना ओव्याला त्यांच्या शेडमध्ये बोलावलं. नाईक काका सगळ्यांच्या आधी हजर. मंदारला मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, त्याला वाटत होतं आपण गिटार घ्यायला आलोय. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. म्हात्रेंनी दोन गिटारी वाजवल्या. मग मी मंदारच्या हातात ती सगळ्यात लहान दिली.

अंगठा तारांवरून खाली. ठक, ठक. मग त्याची ती नेहमीची ढब.

मी काही विचारायच्या आत नाईक काकांनी हात वर केला होता. त्या दिवशी मागून बोललेल्या मुलीनेही.

“गिटार ती नाही,” काका भिंतीकडे बघतच म्हणाले. “पण हात तोच. फक्त तेव्हा ती ठकठक टणक होती. बोटात काहीतरी धातूचं असावं.”

मंदारने माझ्याकडे बघितलं. त्याचं बोट उघडं होतं. हात सुजले म्हणून अंगठी इस्पितळात, भरती केल्या केल्या, म्हणजे त्या रविवारच्या आधीच कापून काढली होती. हे आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं.

मला अजून काहीही उलगडलेलं नाही. लॅबमध्ये असा रिपोर्ट आला असता तर मी सॅम्पल पुन्हा मागवलं असतं. इथे पुन्हा मागवायची माझी इच्छा नाही. ती लहान गिटार आता आमच्या घरी आहे, आणि मंदार पुढच्या महिन्यापर्यंत सुट्टीवर. आत्ता हे लिहितेय तर बाहेरच्या खोलीत ठकठक झाली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “बघा रे, दारावर कोण आलंय.”

“कोणी नाही गं,” तो म्हणाला, “मीच आहे.”