विहिरीपर्यंतची रेघ

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण कामच तसं होतं. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं भाड्याने देणाऱ्या त्या कंपनीच्या प्रत्येक यंत्रात जीपीएसचा एक डबा होता. यंत्र चालू झालं की तो नकाशावर ठिपके टाकत सुटायचा: इथे इतकं पेरलं, इथे इतकं कापलं. शेत बदललं की ड्रायव्हरने स्क्रीनवर शेताचं नाव बदलायचं, एवढी साधी अपेक्षा. पण ड्रायव्हर मंडळींना जेवायची वेळ बरोबर आठवे, नाव तेवढं आठवत नसे. सकाळी ज्याच्या शेतात सुरुवात केली, त्याच्याच नावावर दिवसभराची सगळी शेतं जमा. पेरलं एकाने आणि उगवलं भलत्याच्याच नावावर, असा सगळा आनंद. मग चाळणीने प्रत्येक शेताची हद्द नकाशावर आखायची आणि एक बटण दाबायचं. ठिपका ज्या हद्दीत, त्या शेतात तो जमा. बटणाला कोणाची भीड नव्हती, आणि तिला तेच फार आवडायचं.

माणसांच्या भिडेचा तिला चांगला अनुभव होता. तिच्या वडिलांचं एकच मोठं शेत, आणि उताराच्या टोकाला बांध घालून वेगळा केलेला एक लहान तुकडा. "हा पोरीचा," असं वडील येताजाता म्हणायचे, दादाच्या देखत म्हणायचे. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. कागद मात्र कोणी केला नाही. वडील गेल्यावर सगळे नातेवाईक जमले तेव्हा तिने विषय काढला, तर दादा शांतपणे म्हणाला, "कुठला तुकडा? असा तुकडाच नव्हता." ज्यांनी वडिलांना ते बोलताना ऐकलं होतं, ते सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. मामा तेवढे बोलले, आणि काय बोलले, तर, "पोरी, इतका लोभ बरा नव्हे. गेलेल्या बापाच्या तोंडी शब्द घालू नयेत." पुढच्या नांगरटीला दादाने बांध सपाट करून टाकला.

तुकडा गेल्याचं दुःख होतंच. पण आपण चारचौघांत खोट्या ठरलो, तेही बापाच्या नावावर, हे तिच्या घशाखाली कधी उतरलं नाही. नातेवाइकांकडे गेली की घरातल्या बायका आपल्यावर नजर ठेवून असतात असं तिला वाटायचं. एकदा तर मावशीने तिच्या समोरून कपाटाच्या किल्ल्या खरंच उचलून कनवटीला लावल्या. ती हसून बोलत राहिली आणि घरी येऊन भांडी आपटली. जमीन तिला नको होती असं कोण म्हणेल? पण जमिनीच्या आधी तिला दादाचं तोंड हवं होतं. ज्या तोंडाने नाही म्हटलं, त्याच तोंडाने, मामांच्या देखत, तुकडा होता म्हणायला हवं होतं. कित्येक वर्षं ती या एकाच इच्छेला धार लावत बसली होती.

आणि मग एका हंगामात दादाने पेरणीसाठी याच कंपनीचं यंत्र बोलावलं. त्याच्या शेताचे ठिपके आपसूक तिच्या टेबलावर आले.

शेताची बाहेरची हद्द तिने पटकन आखली. मग उताराच्या टोकाशी तिचा हात थांबला. बांध जमिनीवर नव्हता, पण तिच्या पायांना तो पाठ होता. जळक्या झाडाचं खोड होतं, तिथून सरळ खाली. तिने तशी रेघ आखली. मग तिला लहानपणचं टेबल आठवलं. त्यावर दोघं अभ्यासाला बसत आणि दादा मधोमध खडूने रेघ मारून ठेवी. तिचं कोपर पलीकडे गेलं की सपकन पट्टी बसायची. त्या रेघेवर त्याचा असा काही जीव होता, की ती पुसून गेली तरी कुठे होती ते तो झोपेतसुद्धा बोट ठेवून दाखवी.

ती स्वतःशीच हसली. आखलेली रेघ तिने पुसली आणि पार वर, विहिरीपर्यंत नेली. वडिलांनी विहीर तिला कधीच दिली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नव्या हद्दीला तिने नाव दिलं, बहिणीचा तुकडा. हद्दी यंत्रांवर चढवल्या आणि ती निमूट कापणीची वाट बघत बसली.

कापणीला गेला तो भोंगा. या ड्रायव्हरला हळू बोलणं देवाने दिलंच नव्हतं. यंत्र हद्दीत शिरलं की त्या शेताचं नाव स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत येई, आणि भोंग्याला दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड. "चला, बहिणीचा तुकडा आला!" असं तो वरून ओरडला तेव्हा दादा कडेलाच उभा होता. कामावरची माणसं फिदीफिदी हसली. त्यातून कापणीचा हिशेब हातात पडला, तर दादाच्या शेताचं धान्य कमी आणि उरलेलं बहिणीच्या तुकड्यात जमा. दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती आपलं ऐकणार नाही हे ओळखून तो मामांनाच घेऊन ऑफिसात आला.

"हा काय तमाशा मांडलायस?" तो दारातूनच म्हणाला. "माझ्या शेतात तुझा तुकडा आला कुठून?"

"बस की दादा. मामा, तुम्ही या खुर्चीत बसा, इथून नीट दिसेल."

"अगं, अजून तेच धरून बसलीस?" मामा म्हणाले. "नव्हतं ते नव्हतं. पूस ते नाव आणि मोकळी हो."

"पुसते की. पण आधी दादाने हद्द बघून घ्यावी. उगाच मागाहून तक्रार नको." तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "ही बघ. इथून निघाली, ती थेट विहिरीपर्यंत."

दादा वाकला. त्याचं बोट रेघेवरून वर सरकत विहिरीशी आलं आणि त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"विहिरीपर्यंत? विहीर कधी दिली होती गं तुला? धडधडीत खोटं बोलतेस! तुझा तुकडा त्या जळक्या खोडापाशी संपायचा. तिथे बांध होता, मी स्वतः मोडलाय तो!"

पेनड्राइव्ह न्यायला आलेला भोंगा शेजारच्या टेबलापाशी उभा होता. जन्मात पहिल्यांदा तो हळू आवाजात म्हणाला, "अरे बाप रे."

ती मात्र कामात होती. रेघेचं टोक धरून तिने खाली ओढलं. "खोडापाशी. इथे का?"

"अजून जरा खाली," दादा म्हणाला, आणि मग त्याच्याच कानांनी ते ऐकलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

तिने बटण दाबलं. विहिरीपासून खोडापर्यंतचे सगळे ठिपके रंग बदलून मोठ्या शेतात गेले. खोडाच्या खालचे जागचे हलले नाहीत. "हे घे, तुझं तुला," ती म्हणाली. "मला विहीर नकोच होती."

"मामा, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"बांध तू मोडलास?" मामा म्हणाले. दादाने आणखी काही सांगायचा प्रयत्न केला, पण मामा मान वर करेनात, तेव्हा तो एकटाच जिना उतरून गेला. तो पार रस्त्याला लागेपर्यंत ती खिडकीतून बघत होती, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की त्याची तिला लाजही वाटली नाही.

मामा बसूनच होते. त्यांनी पाणी मागितलं. दोन घोट घेऊन म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी तुला लोभी म्हणालो."

"हो, म्हणालात."

"चुकलंच माझं. म्हाताऱ्याला माफ कर."

तिने तांब्या पुढे सरकवला. "पाणी पोटभर प्या, मामा. आज तुम्हाला दारोदार थांबून हेच सांगायचंय. त्या दिवशी बैठकीला सगळीच घरं होती. मावशीकडे आधी जा."